थट्टेचं नातं

तेनिन जारा दुकान उघडण्याआधी एकेक करून दहाही बोटं मोडायची. मग मागच्या मोरीत गरम पाण्यात हात बुडवून बसायची, आणि मगच शटर वर करायची. वेण्या घालणारीचे हात तिच्या आधी म्हातारे होतात, असं तिच्याकडच्या बायका म्हणत. तेनिन पन्नाशीला टेकली होती, हात मात्र सत्तरीचे झाले होते. सकाळी चहाचा पेला धरतानाही अंगठा दगा द्यायचा. पण एकदा का गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, फणीच्या शेपटीने भांग पडला, की तीच बोटं अशी चालायची की बघणाऱ्याने बघत राहावं.

दुकान फिलाडेल्फियात, वुडलँड ॲव्हेन्यूवर. समोरून ट्राम जायची आणि आरसे थरथरायचे. एका बाजूला लायबेरियाच्या माणसाचं सुक्या मासळीचं दुकान, दुसऱ्या बाजूला बंद पडलेली लाँड्री. भिंतीला टांगलेली गंगावनं, काळी, तपकिरी, मधूनच एखादं जांभळं. आत सहा खुर्च्या, पण बायका दोनच: तेनिन आणि आसितान त्राओरे. दोघी माली देशातल्या, सेगूकडच्या. हंगामात आणखी दोघी-तिघी हाताखाली यायच्या. दुपारी एकाच मोठ्या परातीत भात आणि शेंगदाण्याचं कालवण यायचं, सगळ्या हात धुऊन परातीभोवती बसायच्या, आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या डोक्याने फोन बघत थांबायचं.

नवऱ्याने बामाकोत दुसरी केली, तेव्हा तेनिन विमानात बसली होती. आल्या आल्या तिला तिच्याच माणसांनी शहाणं केलं. इथले काळे आपले नव्हेत. रंगावर जाऊ नकोस. त्यांना ना पूर्वजांचा पत्ता ना आडनावाचा, थोरामोठ्यांपुढे आवाज चढवून बोलतात, आणि आपल्याला बघून नाक मुरडतात. पलीकडच्या घरांच्या पायऱ्यांवर बसून तेच काळे म्हणत, आल्या बघ जंगलातून. एका खोलीत दहा-दहा राहतात, आपल्या पोरींचं काम निम्म्या भावात करतात, आणि बोलताना तोंड असं करतात जणू आपल्या अंगाला वास येतो. दोन्हीकडचं निम्मं खरं होतं. म्हणून दोन्हीकडचं टिकून होतं.

दुकान सुरू झालं त्याच महिन्यात कुणीतरी शटरवर रंगाने लिहिलं, परत जा. तेनिन ते घासत होती तेव्हा रस्त्यापलीकडून एक धिप्पाड बाई डुलत डुलत आली. शहराची बस चालवून निवृत्त झालेली मिस अर्नेस्टीन हार्डिन. समोरच्या विटांच्या चाळीतल्या घरात तिचा जन्म गेला होता. साऱ्या गल्लीला तिने कधी ना कधी बसमधून शाळेत नेलेलं, म्हणून गल्ली तिला वचकून असे. तिने पुसट झालेली अक्षरं वाचली, आत गेली, आणि म्हणाली, "खुर्ची दे. आणि तिचं तोंड रस्त्याकडे कर. कोण बसलंय ते लोकांना दिसू दे."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती काचेत बसली होती. येणाराजाणारा बघत होता, ती एकेकाला मान डोलावत होती. त्यानंतर शटरला कुणी हात लावला नाही. दुकानाला परवाना सरकारने दिला असेल, पण चालू दिलं ते मिस अर्नेस्टीनने, हे तेनिन जाणून होती. ती दर दीड-दोन महिन्यांनी यायची, त्याच खुर्चीत बसायची, आणि दिवसभर बोलायची. नवरा गेला ते, बसमध्ये बाळंत झालेली बाई, साउथ कॅरोलिनातली आजी. तेनिन मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिला आपलं सांगायची. जारा म्हणजे साधंसुधं आडनाव नव्हे, सेगूवर आमच्या घराण्याने राज्य केलंय. मिस अर्नेस्टीन आरशातून बघत म्हणायची, "म्हणजे माझ्या डोक्यातला कोंडा राणीसाहेब काढतायत. बरंय बाई."

एकाच माणसाला हे रुचलं नव्हतं. मिस अर्नेस्टीनची भाची लाट्रिस. ती आपल्या स्वयंपाकघरात बसून वेण्या घालायची. दुकान आल्यापासून तिच्या स्वयंपाकघरात कुणी फिरकेना. मावशीच तिकडे बसलेली दिसते म्हटल्यावर बाकीच्यांचं काय? लाट्रिस रस्त्यात दिसली की तेनिन मान वळवायची, आणि लाट्रिस मुद्दाम तेनिनच्या पायांकडे बघायची, चपला घातल्यात का ते.

*

तो जुलैचा शनिवार होता. पुढच्या आठवड्यात साउथ कॅरोलिनात हार्डिन घराण्याचा मेळावा होता. दर वर्षी असतो, सगळे एकाच रंगाचे सदरे घालतात, डुक्कर भाजतात, आणि सगळ्यांत वयस्कर माणूस उभं राहून कोण जन्मलं, कोण गेलं ते सांगतो. यंदा तो मान मिस अर्नेस्टीनचा होता. आणि तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं. आपले पूर्वज कुठले ते कळावं म्हणून तिने नळीत थुंकी भरून तपासायला पाठवली होती आणि उत्तर आलं होतं. बाकी काय काय होतं, पण सगळ्यांत मोठा वाटा मालीचा.

ही बातमी तिने खुर्चीत बसेपर्यंत दाबून ठेवली. लाट्रिसला सोबत आणलं होतं, चित्रफीत काढायला. मेळाव्यात दाखवायची होती. लाट्रिस दाराजवळ फोन धरून उभी राहिली, चेहरा आंबट करून, पण मावशीचा शब्द मोडण्याची तिची टाप नव्हती. दोन-तीन गिऱ्हाइकं वाट बघत बसली होती.

डोकं निम्मं झालं होतं. डावीकडच्या वेण्या घालून, सुटू नयेत म्हणून टोकं गरम पाण्यात बुडवून झाली होती, उजवीकडचे केस मोकळे, पांढरे, पिंजारलेले होते. तेव्हा मिस अर्नेस्टीनने सांगितलं.

आसितान हातातली फणी टाकून नाचायलाच लागली. तेनिनचे डोळे भरून आले. तिला खरंच तसं वाटलं, की देवाने बघ कशी गाठ घातली, इतकी वर्षं जिचं डोकं हातांत घेतलं ती आपल्याच मातीतली निघाली. मिस अर्नेस्टीनने घसा साफ केला. बस चालवताना घोषणा करायची त्या आवाजात म्हणाली, "आता मला नाव द्या. तिकडे जाऊन सांगायला एक नाव हवंय. हार्डिन हे काही आमचं नाव नाही."

नाव असं मागून मिळत नाही, द्यावं लागतं. परक्याला घरात घ्यायचं तर घरातल्यानेच आपलं आडनाव त्याच्या अंगावर घालायचं, ही रीत. आसितान पुढे झाली, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तुम्ही त्राओरे. आजपासून माझी थोरली बहीण. अर्नेस्टीन त्राओरे."

आता त्राओरे आणि जारा ही थट्टेच्या नात्यातली घराणी. आजची नव्हे, पिढ्यान्पिढ्यांची. समोर आला की जाराने त्राओरेला चवळीखाऊ म्हणायचं, माझा गुलाम म्हणायचं, आणि त्याने ते दुपटीने परत करायचं. राग धरायची मुभा नाही. मयताच्या घरीसुद्धा ही थट्टा चालते, रडणाऱ्याला हसवायला. जिथे ती होत नाही तिथे नातंच नाही. आसितान आणि तेनिन रोज दिवसाची सुरुवात याने करत. काय गं गुलामा, उशीर का केलास? मालकिणीने चवळी जास्त खाल्ली म्हणून रात्रभर वारा घालत होते.

तेव्हा मिस अर्नेस्टीन त्राओरे झाल्या क्षणी तेनिनच्या तोंडून ते आपसूक गेलं. आनंदाने, हात उंचावून, आणि इंग्रजीत, कारण ते तिलाच म्हणायचं होतं.

"त्राओरे? अरे देवा, म्हणजे ही तर माझी गुलाम! इतकी वर्षं मी माझ्याच गुलामाचे केस विंचरत बसले होते! ऊठ, तो झाडू घे आधी."

आसितान टाळ्या पिटून हसली. हाताखालच्या दोघी हसल्या. तेनिन वाट बघत राहिली, परतीच्या टोल्याची. नात्यात आलेला माणूस काहीतरी उलट बोलतो, मग सगळे पुन्हा हसतात, मग मिठी मारायची.

बाकावरच्या बायका हसल्या नव्हत्या. ट्राम गेली. आरसे थरथरले, आणि त्यात मिस अर्नेस्टीनचा चेहरा. तिने मानेखालच्या पट्टीची गाठ सोडायचा प्रयत्न केला, ती सुटेना, तेव्हा ओढून तोडली. अंगावरचं फडकं खुर्चीवर ठेवलं, घडी करून. मग त्याच निम्म्या डोक्याने ती दार उघडून बाहेर पडली आणि भर दुपारी, साऱ्या गल्लीच्या देखत, रस्ता ओलांडून घरात गेली.

"काय झालं?" तेनिनने विचारलं. "काय झालं तिला?"

लाट्रिसने फोन खाली केला. "बाई गं," ती शांतपणे म्हणाली, "तू आता मेलीस."

*

लाट्रिसने फोनवरून टाकलेली ती चित्रफीत संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचली. आफ्रिकन बाई आपल्या काळ्या गिऱ्हाइकाला गुलाम म्हणते आणि झाडू मारायला सांगते, आणि सगळ्या हसतात. आधीचं नाव देणं, हात धरणं, डोळे पुसणं, हे त्यात नव्हतंच. तेवढं लाट्रिसने कापलं होतं.

तेनिनला पहिल्यांदा कळेचना. तिने आसितानला म्हटलं, मी तिला घरात घेतलं आणि ती उठून गेली. आसितानचा नवरा टॅक्सी चालवायचा, त्याला शहर जास्त कळायचं. त्याने दोघींना बसवून सांगितलं की हा शब्द इथे थट्टेत येत नाही. तेनिन म्हणाली, गुलामगिरीबद्दल मलाही माहीत आहे, शाळेत शिकलेय. तो म्हणाला, तू शिकलीस, त्यांनी सोसलं. तिला तेव्हा ते नुसतं वाक्य वाटलं.

सोमवारी एकही गिऱ्हाईक आलं नाही. ठरलेल्या बायकांनी कळवलंही नाही. बुधवारी एक माणूस पाटी घेऊन दाराशी उभा राहिला. पाटीवर लिहिलं होतं, राणीसाहेब, गुलाम आलाय. येणारेजाणारे त्याच्याशी हात मिळवून पुढे जात. शुक्रवारी सकाळी काच फुटलेली होती आणि गंगावनांवर कुणीतरी कपडे धुण्याचं ब्लीच ओतलं होतं. काळे केस नारिंगी पडले होते. पोलीस आले, बघून गेले. लायबेरियाचा मासळीवाला, एरवी रोज रामराम करणारा, आपल्या दुकानाबाहेर मोठ्याने कुणालातरी सांगत होता की आमचा यांच्याशी काही संबंध नाही, आम्ही ख्रिस्ती आहोत.

गल्लीतला राग जुना होता. त्याला आता तोंड मिळालं होतं. पूर्वी तो अडवणारी बाई समोरच्या घराच्या पायरीवर बसून होती, डोक्याला रुमाल बांधून, आणि ती आता अडवत नव्हती.

तेनिनला दुकानाची भीती होतीच. पण दुकान पुन्हा टाकता आलं असतं. तिला मिस अर्नेस्टीन परत हवी होती. या देशात जिच्यापुढे तिने आपलं घराणं, आपला नवरा, आपलं सगळं बोलून टाकलं अशी ती एकच बाई. काचेत पुठ्ठा लावून ती फटीतून समोर बघत बसायची.

माफी मागायला हवी, हे तिला कळत होतं. आणि माफी कशी मागतात हेही चांगलं माहीत होतं. ज्याच्या हातून चूक होते तो तोंड दाखवत नाही. आपल्याहून मोठा माणूस पाठवायचा, मान म्हणून देतात त्या कोलाच्या बिया घेऊन, सोबत थट्टेच्या नात्यातलं कुणीतरी, कारण त्याला नाही म्हणता येत नाही. जेवढा मोठा माणूस, तेवढा समोरच्याचा मान. तेनिनने मशिदीतल्या बाबा सुमाइलांना गळ घातली. ऐंशी वर्षांचे, भाटांच्या घराण्यातले, त्यांनी मालीत खुनाची वैरं मिटवली होती. त्यांनी स्वच्छ झगा घातला, आपलं बोलणं इंग्रजीत सांगायला आसितानला सोबत घेतलं, आणि काठी टेकत रस्ता ओलांडला.

तेनिन पुठ्ठ्याच्या फटीतून बघत होती. बाबा बराच वेळ बोलले. त्यांनी मिस अर्नेस्टीनच्या अज्ञात पूर्वजांची स्तुती केली, मालीच्या नद्यांची शपथ घातली. मिस अर्नेस्टीन बसूनच ऐकत होती. वयस्कर माणूस उभा आहे म्हणून तिने आतून खुर्चीही आणवली. मग तिने काहीतरी विचारलं. थोड्या वेळाने बाबांनी पुढे केलेली कोलाची पुडी तिने त्यांच्याच तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं मिटवली.

परत आल्यावर आसितानने सांगितलं. मिस अर्नेस्टीनने विचारलं होतं की बोलली कोण? तेनिन, असं सांगितल्यावर विचारलं, तिचे पाय मोडलेत का? बाबांनी रीत समजावली. तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडे ज्याची चूक तो स्वतःच्या पायाने येतो. माणूस पाठवतो तो मालक."

बाबा सुमाइलांनी पुडी झग्याच्या खिशात ठेवली. मग म्हणाले, कोला परत आला, म्हणजे संपलं. आता तू स्वतः गेलीस तर तो तिचा अपमान. तेनिनलाही तेच माहीत होतं. ती गेली नाही.

असे आठवडे गेले. एक पायरीवर, एक पुठ्ठ्यामागे, मधे ट्रामचे रूळ. आसितान नवऱ्याच्या आग्रहाने दुसऱ्या उपनगरात एका दुकानात लागली. हाताखालच्या दोघी केव्हाच गेल्या होत्या. तेनिन रोज येऊन गंगावनांतली नारिंगी पडलेल्या बटा वेगळ्या काढत बसायची.

ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी लाट्रिसने दारातून हाक मारली. तेनिनने काचेचा मोठा तुकडा अजून फेकला नव्हता, तो तिने उगाच हातात घेतला.

"ठेव तो खाली," लाट्रिस म्हणाली. "मारायला आले असते तर हाक मारली असती का?" ती आत आली नाही. रिकाम्या खुर्च्यांकडे बघत म्हणाली, "मावशी यंदा मेळाव्याला गेली नाही. आयुष्यात पहिल्यांदा. ते लोक वाट बघत होते, आफ्रिकेतून काय नाव आलं म्हणून."

तेनिनने तुकडा खाली ठेवला.

"मी ते टाकलं म्हणून माझ्याशी बोलत नाही. तू आली नाहीस म्हणून रोज पायरीवर बसते. तुला काय वाटतं, हवा खायला बसते? इतक्या उकाड्यात? तुम्हां दोघींच्या पायी माझं डोकं फिरायची वेळ आलीय. जा की बाई. कोला नको, म्हातारा नको, नुसती जा."

*

तेनिन गेली. अंगावरचा कामाचा सदराही बदलला नाही, बदलला असता तर धीर गळाला असता. मिस अर्नेस्टीनच्या डोक्यावर रुमाल होता आणि त्याखाली काय होतं ते दिसत नव्हतं. तिने तेनिनला उभं ठेवलं. मग पायरीवर थोडी सरकली.

"बस."

तेनिनने वाटेत जुळवलेलं सगळं एका दमात सांगितलं. ते प्रेमाने म्हणतात. परक्याला कधी म्हणत नाहीत. ज्याला म्हणतात त्याचा हक्क असतो घरावर. चूक झाली, मला इथला अर्थ कळायला हवा होता, मला तुमची मुलगी समजून पदरात घ्या.

मिस अर्नेस्टीन रस्त्याकडे बघत होती. "माझी पणजी बोलती होती तेव्हा मी चार वर्षांची होते," ती म्हणाली. "तिची आई विकली गेली होती. त्याच्या मागे काही नाही. भिंत आहे. आयुष्यभर मी त्या भिंतीशी उभी आहे. त्या दिवशी तुझ्याकडे विचारायला आले, की बाई, त्या शब्दाच्या आधी आम्ही कोण होतो? आणि तू तोच शब्द माझ्या हातात ठेवलास."

आसितानच्या नवऱ्याचं वाक्य आता तिला कळलं.

"पण आमच्यात ते बरोबरीच्याच माणसाला म्हणतात," ती कशीबशी म्हणाली.

"बरोबरीच्या." मिस अर्नेस्टीनने आता तिच्याकडे मान वळवली. "मग जो खराच गुलाम असेल, त्याला?"

तसे कोणी नव्हते, एवढं म्हटलं की भागलं असतं. माफीचं दार अर्धं उघडलेलं होतं, आत जायला तेवढं पुरलं असतं. पण तेनिनला आपल्या गावची कड दिसली. तिथली दोन घरं दिसली, आणि इतकी वर्षं आपण तिकडे नीट बघितलंही नव्हतं हे दिसलं.

"त्यांना नाही म्हणत," ती म्हणाली.

"म्हणजे होते."

"होते. माझ्या पणजोबांच्या वेळचे. कायद्याने केव्हाच सुटलेले. पण लग्नात बोकड तेच कापायचे, आणि जेवायचे सगळ्यांच्या मागून. त्यांना कुणी गुलाम म्हणत नसे. थट्टेत तर नाहीच. 'आपले' म्हणायचे."

"आपले," मिस अर्नेस्टीन म्हणाली. तिची नजर तेनिनच्या हातांवर गेली. "आणि हे? सेगूच्या राजांच्या लेकी लोकांच्या वेण्या घालतात?"

"नाही. आमच्या बायका दुसऱ्याच्या डोक्याला हात लावत नसत. ते काम त्यांचं होतं. त्यांच्यातली एक म्हातारी होती. मी तिच्या मागे लपून बसायची आणि बघायची. सगळं तिचंच आहे." तिने हात उलटे करून बघितले. "भांग पाडायची रीतसुद्धा."

"आडनाव काय होतं तिचं?"

"जारा. मालकाचंच लावायचे."

मिस अर्नेस्टीन हसली. ते हसू ऐकून तेनिनला वाटलं, हिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. "हार्डिन कोण होता माहितेय तुला? त्याचीच जमीन होती, आणि आम्हीही त्याचेच. म्हणजे तुमचं ते त्राओरे मी डोक्यावर घेऊन कॅरोलिनाला गेले असते, नाचले असते, आणि तेही कुणा हार्डिनचंच निघालं असतं."

"निघालं असतं," तेनिन म्हणाली. "काही सांगता येत नाही."

पलीकडून ट्राम आली आणि गेली. मिस अर्नेस्टीनने रुमालावरून हात फिरवला. आवाज उतरला होता. बसमध्ये थकलेल्या माणसाशी बोलावं तसं तिने विचारलं, "तिचं स्वतःचं नाव काय होतं? त्या म्हातारीचं. आईने ठेवलेलं."

तेनिनने तोंड उघडलं. म्हातारीच्या बोटांना लावलेला काळा रंग तिला आठवला, केसांना चोळायच्या लोण्याचा वास आठवला, मांडीचं हाड टोचायचं तेही. नाव आलं नाही.

"म्हातारीच म्हणायचो आम्ही."

मिस अर्नेस्टीन गुडघ्यावर हात टेकून उठली. "घरी विचार. नाव कळलं की ये. ज्या दिवशी नाव घेऊन येशील त्या दिवशी मी तुझ्या खुर्चीत बसेन. काचेत बसेन, रस्त्याकडे तोंड करून. तोवर येऊ नकोस बाळा. खोटं सांगितलं नाहीस हे मी विसरणार नाही. पण तोवर नको."

*

तेनिनने त्याच संध्याकाळी गावी भाऊ ब्रेमाला फोन लावला. त्याला आधी वाटलं कुणीतरी मेलं. कोण म्हातारी? ती वेण्यांची? अगं ती तर आपली होती, तिचं काय आता? नाव? तो हसला. त्याने बायकोला विचारलं, तिला माहीत नव्हतं. तेनिनने त्याला त्या दोन घरांकडे जायला सांगितलं. तो टाळत राहिला, मग एकदा गेला. घरं पडली होती. म्हातारीचा नातू कोको तोडायला आयव्हरी कोस्टला गेला तो गेलाच, त्याचा पत्ता कुणाकडे नव्हता. शेवटी तेनिनची आत्या, गावात सगळ्यांत थकलेली, तिला फोनवर धरून बोलतं केलं. आत्याने पुष्कळ आठवायचा प्रयत्न केला. म्हातारीचं मूल कोणत्या दुष्काळात गेलं ते तिला आठवत होतं, कोणत्या लग्नात तिने किती डोकी सजवली तेही. मग ती म्हणाली, "पोरी, तिला कधी हाक मारावीच लागली नाही. ती तिथेच असायची."

आसितानला हे सगळं वेडेपणाचं वाटलं. "मालकीणबाई," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने थट्टेचा सूर लावला, "एखादं नाव सांग की. कुम्बा सांग, सिरा सांग. असंच कुठलंतरी नाव असणार तिचं. तुझ्या या मिस अर्नेस्टीनला कोण सांगायला येणारेय?"

तेनिनने एक दिवस ते करूनही बघितलं, मनातल्या मनात. रूळ ओलांडून जायचं, पायरीशी उभं राहायचं आणि सिरा म्हणायचं. छान नाव होतं. म्हातारीला शोभलं असतं. पण मग तिला कळलं, की आपण पुन्हा तेच करतोय. नाव अंगावर घालतोय, आपल्याला सोयीचं असेल ते.

ऑक्टोबरमध्ये दुकान सोडावं लागलं. आसितानचा नवरा टॅक्सी घेऊन आला. खुर्च्या कुणी विकत घेतल्या नव्हत्या, त्यातल्या दोन मागच्या बाजूला उलट्या घालून दोरीने बांधल्या. ब्लीच पडलेली गंगावनं कचऱ्याच्या पिशवीत गेली. गल्लीतली चार-सहा माणसं बघत होती. कुणी काही बोललं नाही, आणि कुणी मदतही केली नाही.

मिस अर्नेस्टीन पायरीवर होती. अंगावर कोट, डोक्यावर लोकरी टोपी. तेनिन शटर ओढून वळली तेव्हा दोघींची नजर भेटली. मिस अर्नेस्टीनने भुवया उंचावल्या.

तेनिनने मान हलवली. नाही.

मिस अर्नेस्टीनने एकदा मान डोलावली आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागली. तेनिन गाडीत मागे बसली, खुर्चीचा पाय तिच्या खांद्याला लागत होता. ट्राम पुढे निघून जाईपर्यंत टॅक्सी थांबली, आणि मग वळली.